सेनाप्रमुख प्रजासत्ताकाचा की सत्ताधाऱ्यांचा?

लष्कराचा विषय राजकारणात आणू नये, हे वाक्य आज सर्व बाजूंनी ऐकू येते. वाक्य मोठे सोज्वळ आहे. परंतु ते उच्चारणाऱ्यांच्या मनातील अर्थ बहुधा एवढाच असतो की, लष्कराच्या बाबतीत सत्ताधाऱ्यांनी जे केले त्यावर इतरांनी अवाक्षर काढू नये. निवडणुकीच्या फलकांवर जवानांची छायाचित्रे झळकतात तेव्हा ते राजकारण ठरत नाही. ती झळकवू नयेत अशी ताकीद निवडणूक आयोगाला २०१९ साली पुन्हा द्यावी लागली, तरीही ठरत नाही. सेनाप्रमुखाची निवड कोणत्या कसोटीवर झाली, एवढा साधा प्रश्न संसदेत विचारला गेला की मात्र ते तत्काळ राजकारण ठरते. या दुटप्पीपणाचा समाचार घेणे अगत्याचे आहे. कारण सेनाप्रमुखाचे पद हे कोणत्याही पक्षाचे वतन नसून प्रजासत्ताकाने एका व्यावसायिक सैनिकाच्या हाती सोपविलेली ठेव आहे. या ठेवीवर देखरेख करण्याचा अधिकार जनतेचा आहे आणि तो जनतेने संसदेमार्फत बजावायचा आहे.

लष्करावर मुलकी सत्तेचे नियंत्रण असले पाहिजे, याविषयी समाजवाद्यांच्या मनात कधीही संदेह नव्हता. प्रश्न आहे तो मुलकी सत्ता म्हणजे कोण, हा. संसदेला उत्तरदायी असलेला मंत्री म्हणजे मुलकी सत्ता, की मंत्र्याची आणि त्याच्या पक्षाची मर्जी म्हणजे मुलकी सत्ता? या दोहोंतील अंतर दृष्टिआड झाले तेव्हा त्याची किंमत मंत्र्यांनी क्वचित आणि जवानांनी नेहमीच मोजली आहे, असे इतिहास सांगतो.

किचनरचा वारसा

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानचा सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या खालोखाल सर्वांत बलाढ्य अधिकारी होता. त्याच्या अधिकाराला एक वेसण होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात एक स्वतंत्र लष्करी सभासद असे आणि सरसेनापतीच्या योजनांवर तो आपले मत व्हाइसरॉयपुढे मांडीत असे. १९०२ साली सरसेनापती म्हणून आलेल्या लॉर्ड किचनरला ही वेसण खुपू लागली. कर्झनने विरोध केला. विलायत सरकारने किचनरची बाजू उचलून धरली. आणि १९०५ च्या ऑगस्टमध्ये कर्झनने राजीनामा दिला. वंगभंग करणाऱ्या कर्झनविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. तथापि या एका प्रकरणी त्याचे म्हणणे बरोबर होते, हे पुढे सिद्ध झाले. योजना आखणारा, तिची अंमलबजावणी करणारा आणि तिच्या गुणदोषांविषयी सरकारला सल्ला देणारा माणूस एकच झाला. परिणाम मेसोपोटेमियात दिसून आला. १९१६ च्या एप्रिलमध्ये कुत येथे सुमारे १३,००० सैनिकांना शरणागती पत्करावी लागली आणि त्यांत बहुसंख्य हिंदी होते. औषधे, वाहने, दळणवळण या सर्वांचा बोजवारा उडाला होता. १९१७ साली चौकशी आयोगाने या एकवटलेल्या अधिकारव्यवस्थेवर स्पष्ट ठपका ठेवला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पायउतार व्हावे लागले.

याच काळात गोपाळ कृष्ण गोखले मध्यवर्ती कायदेमंडळात वर्षानुवर्षे लष्करी खर्चाचा हिशेब मागत होते. परंतु तो खर्च हिंदी प्रतिनिधींच्या मताबाहेरचा होता. १९३५ च्या कायद्यानेही संरक्षण हे खाते गव्हर्नर जनरलकडे राखून ठेवले. म्हणजे सरसेनापती सर्वसमर्थ आणि लोकप्रतिनिधी निःशस्त्र, अशी ती व्यवस्था होती. स्वराज्याने मोडली ती ही व्यवस्था.

१९५५ चा बदल आणि त्याचा अर्थ

१५ ऑगस्ट १९४७ रोजी तिन्ही दलांवरील एकछत्री सरसेनापतीपद संपले आणि प्रत्येक दलाला आपापला प्रमुख मिळाला. सरसेनापतीच्या दिल्लीतील निवासस्थानात १९४८ साली पंतप्रधान राहावयास गेले. आज ती वास्तू तीन मूर्ती भवन या नावाने ओळखली जाते. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा यांनी भूसेनेची सूत्रे हाती घेतली आणि प्रथमच ती एका भारतीयाकडे आली. राज्यघटनेच्या ५३ व्या अनुच्छेदाने संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल असे त्याच वाक्यात बजावले. पुढे १९५५ साली संसदेने कायदा करून सरसेनापती हे पदनामच रद्द केले आणि भूसेनाप्रमुख हे नवे पदनाम आणले. जनरल राजेंद्रसिंहजी हे शेवटचे सरसेनापती आणि पहिले भूसेनाप्रमुख होत.

या बदलाचे मोल मोठे आहे. मात्र त्याने एक जबाबदारी मंत्र्यांच्या अंगावर टाकली, तिचे विस्मरण झाले. सेनाप्रमुखाने मंत्र्याची आज्ञा मानावयाची, हे खरे; परंतु आज्ञा होण्यापूर्वी सेनाप्रमुखाचे म्हणणे मंत्र्याने ऐकावयाचे, हेही तितकेच खरे. आज्ञापालन ही सैनिकाची बाजू आहे, श्रवण ही राज्यकर्त्याची. दुसरी बाजू लंगडी पडली की काय होते, हे १९५९ ते १९६२ या तीन वर्षांनी दाखवून दिले.

थिमय्या, थोरात आणि बासष्टचा पराभव

जनरल थिमय्या १९५७ साली भूसेनाप्रमुख झाले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची कार्यपद्धती आणि बढत्यांतील त्यांचा हस्तक्षेप असह्य होऊन त्यांनी १९५९ च्या ऑगस्टअखेर पंतप्रधानांकडे राजीनामा दिला. नेहरूंनी त्यांना तो मागे घ्यावयास लावला आणि लगेच २ सप्टेंबरला संसदेत मतभेद किरकोळ व स्वभावाचे असल्याचे सांगून सेनापतीलाच चार शब्द सुनावले. मुलकी सत्तेचे श्रेष्ठत्व राखले गेले, असे तेव्हा अनेकांना वाटले. वस्तुतः राखली गेली ती एका मंत्र्याची खुर्ची.

याच सुमारास पूर्व विभागाचे सेनापती होते लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात. कोल्हापूरकडील या मराठी सेनानीने १९५९ च्या ऑक्टोबरात ईशान्य सीमेच्या संरक्षणाविषयी एक सविस्तर टिपण तयार केले. चीनपासूनचा धोका प्रत्यक्ष आहे, सीमेवरील ठाणी तुटपुंजी आहेत, रस्ते नाहीत, कोणत्या रेषेवर लढाई द्यावी लागेल, हे सर्व त्यात होते. थिमय्यांनी ते मंत्र्यांपुढे नेले. मंत्र्यांनी ते उडवून लावले. १९६० च्या मार्चमध्ये लखनौ येथे ‘लाल किल्ला’ या नावाने झालेल्या लष्करी अभ्यासात थोरातांनी तोच इशारा पुन्हा दिला. १९६१ च्या मे महिन्यात थिमय्या निवृत्त झाले. त्यांची पसंती थोरातांना होती, असे सांगितले जाते. नेमणूक झाली ती प्राणनाथ थापर यांची. थोरात निवृत्त होऊन कोल्हापुरास परतले. ज्यांना पायदळाच्या तुकडीचे युद्धातील नेतृत्व करण्याचा अनुभव नव्हता, ते मर्जीतले लेफ्टनंट जनरल कौल भूसेना मुख्यालयात चीफ ऑफ जनरल स्टाफ झाले आणि १९६२ च्या ऑक्टोबरात नेफातील आघाडीचे सूत्रधारही झाले. ठाम बोलणाऱ्या माणेकशांवर याच काळात चौकशी बसविण्यात आली. तीतून ते निर्दोष सुटले.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. सुमारे १,४०० जवान ठार, सुमारे १,७०० बेपत्ता आणि जवळजवळ ४,००० युद्धकैदी. उन्हाळी कपड्यांत हिमालय चढलेल्या त्या मुलांना टिपण कोणी लिहिले आणि ते कोणी केराच्या टोपलीत टाकले, याची वार्ताही नव्हती. मेनन गेले, थापर गेले, कौल गेले. आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीस आले.

समाजवादी चळवळीने या बाबतीत आपला इतिहास आठवावा. मेनन हे डाव्या विचारांचे म्हणविले जात, म्हणून त्यांच्या कारभारावर बोलू नये असा आग्रह तेव्हाही होता. तो झुगारून आचार्य कृपलानींनी लोकसभेत त्यांचे वाभाडे काढले आणि १९६२ च्या प्रारंभी उत्तर मुंबईतून त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढविली. कृपलानी हरले. नऊ महिन्यांत सेला आणि बोमदिला पडले. मंत्री आपल्या विचारांचा आहे की परक्या, यावर त्याच्या लष्करी कारभाराचे मोजमाप करावयाचे नसते, हा धडा उत्तर मुंबईने शिकविला आहे. तो आज सर्वच पक्षांना उपयोगी पडण्याजोगा आहे.

आणि तरीही या पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रुक्स व भगत यांचा १९६३ सालचा अहवाल सरकारने आजवर जनतेपुढे ठेवलेला नाही. चव्हाणांनी त्याचा गोषवारा संसदेत सांगितला, तेवढाच. काँग्रेसने तो दडविला. काँग्रेसला त्याबद्दल धारेवर धरणाऱ्यांनी सत्तेवर आल्यावर तोही दडविण्याचाच वसा घेतला.

ज्येष्ठता आणि मर्जी

सेनाप्रमुख ज्येष्ठताक्रमानेच नेमावा, असा एक पक्ष आहे. तो निर्दोष नाही. स्वतः थिमय्यांची नेमणूक ज्येष्ठांना ओलांडून झाली होती आणि ते उत्तम सेनाप्रमुख ठरले. निवडीचा अधिकार सरकारला असलाच पाहिजे. केवळ जन्मतारखांच्या आधारे सेनापती ठरवावयाचा असेल तर सरकारची गरजच काय? परंतु ज्या अधिकाराची कारणे कोणालाच सांगावी लागत नाहीत, तो अधिकार विवेकाचा राहत नाही, लहरीचा होतो. १९७४ च्या सुमारास सेनाप्रमुख बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि प्रेमेंद्रसिंग भगत निवृत्त होऊन गेले. १९८३ साली लेफ्टनंट जनरल सिन्हा यांना डावलून जनरल अरुणकुमार वैद्य यांची निवड झाली. वैद्य हे दोन वेळा महावीरचक्र मिळविलेले शूर सेनानी होते, १९८६ साली पुण्यात त्यांना अतिरेक्यांच्या गोळ्यांनी मरण आले आणि त्यांच्या योग्यतेविषयी प्रश्न नाही. प्रश्न आहे तो सिन्हांना का नाकारले, याचे उत्तर देशाला कधी मिळाले काय, हा. २०१६ साली दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांना ओलांडून जनरल बिपिन रावत यांची नेमणूक झाली तेव्हाही तेच घडले. इंदिरा गांधींच्या काळी ज्यांनी ओरड केली तेच आता गप्प होते आणि तेव्हा जे गप्प होते ते ओरडत होते.

‘आपला माणूस’ नेमल्याने आपण सुरक्षित होतो, हा राज्यकर्त्यांचा भ्रम किती घातक आहे, हे पाहण्यास फार दूर जावयास नको. पाकिस्तानातही भुट्टो यांनी १९७२ साली सरसेनापती हे पदनाम रद्द केले. १९७६ साली त्यांनी अनेक ज्येष्ठांना डावलून झिया उल हक यांना नेमले, कारण ते नम्र वाटले. १९७७ च्या जुलैत त्याच नम्र सेनापतीने त्यांना पदच्युत केले आणि १९७९ च्या एप्रिलमध्ये फासावर चढविले. नवाझ शरीफ यांनी १९९८ साली मुशर्रफ यांना असेच वर आणले; एक वर्षाने मुशर्रफ यांनी त्यांना तुरुंगात टाकले. चिलीचे उदाहरण समाजवाद्यांच्या तर काळजाला भिडणारे आहे. सैन्याने घटनेचा आदर राखलाच पाहिजे, असे म्हणणारे सेनापती श्नायडर यांचा १९७० च्या ऑक्टोबरात खून झाला. त्यांचाच मार्ग चालविणाऱ्या प्रात्स यांना १९७३ च्या ऑगस्टमध्ये राजीनामा देणे भाग पडले. विश्वासू समजून आयेंदे यांनी नेमलेल्या पिनोशेने अवघ्या एकोणीस दिवसांत बंड केले. श्नायडर आणि प्रात्स यांची निष्ठा घटनेशी होती. व्यक्तिनिष्ठेचा भरवसा कोणत्या दिवशी फिरेल, हे कोणी सांगावे?

जयप्रकाशांनी २५ जून १९७५ रोजी रामलीला मैदानावर पोलिसांना व सैन्याला बेकायदा आज्ञा मानू नका असे सांगितले, तेव्हा ते हेच सांगत होते. बंडाची चिथावणी म्हणून त्या शब्दांचा विपर्यास झाला आणि देशावर आणीबाणी लादली गेली. परंतु कायद्याने दिलेली आज्ञा पाळणे आणि बेकायदा आज्ञा नाकारणे या एकाच निष्ठेच्या दोन बाजू आहेत. भारतीय सेनेने आणीबाणीतही स्वतःला पक्षीय राजकारणापासून अलग ठेवले, हे तिला भूषणावह आहे.

दोन अधिकार, एक माणूस

आता अलीकडच्या काळाकडे यावे. १ जानेवारी २०२० पासून संरक्षण दलप्रमुख, म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, हे नवे पद अस्तित्वात आले. तिन्ही दलांत समन्वय हवा, ही मागणी रास्त आहे. परंतु हा अधिकारी संरक्षणमंत्र्यांचा प्रमुख लष्करी सल्लागार आहे आणि त्याच वेळी मंत्रालयातील नव्या लष्करी व्यवहार विभागाचा सचिवही आहे. म्हणजे ज्या निर्णयावर त्याने तटस्थ व्यावसायिक सल्ला द्यावयाचा, त्याच निर्णयाची फाइल सचिव म्हणून त्याच्याच हाताखालून जावयाची. किचनरने १९०५ साली मिळविले ते याहून फार वेगळे नव्हते. फरक असलाच तर असा की, किचनर व्हाइसरॉयला भारी पडला; येथे सल्लागार सचिव होऊन मंत्र्याच्या हाताखालचा माणूस होतो. सल्ल्याचे स्वातंत्र्य दोन्हीकडे संपते.

जनरल रावत यांच्या अपघाती मृत्यूनंतर हे पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामे राहिले. २०२२ च्या जूनमध्ये नियम बदलून, ६२ वर्षांखालील निवृत्त लेफ्टनंट जनरल दर्जाचे अधिकारीही पात्र ठरविण्यात आले आणि सप्टेंबरात निवृत्त अधिकाऱ्याचीच नेमणूक झाली. नेमलेल्या व्यक्तीच्या योग्यतेविषयी येथे काहीही म्हणावयाचे नाही. आक्षेप नियमावर आहे. निवृत्त होऊनही सत्ताधाऱ्यांची मर्जी राहिली तर सर्वोच्च पद मिळू शकते, अशी आशा प्रत्येक ज्येष्ठ अधिकाऱ्यापुढे टांगून ठेवली तर ‘नाही’ म्हणण्याची उमेद किती जणांत उरेल?

शिवाय सेनाप्रमुखांची जीभही सैल होऊ लागली. नागरिकत्व कायद्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर असताना २६ डिसेंबर २०१९ रोजी भूसेनाप्रमुखांनी त्या आंदोलनाच्या नेतृत्वावर जाहीर ताशेरे ओढले. सरकारच्या बाजूने बोलले म्हणून ते क्षम्य ठरत नाही. विरोधात बोलले असते तर ते अक्षम्य ठरले असते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. गणवेश उतरविताच पक्षाचा झेंडा खांद्यावर घेण्याची प्रथाही रूढ होत आहे. २०१२ साली निवृत्त झालेले एक सेनाप्रमुख २०१४ साली भाजपचे खासदार व मंत्री झाले. काँग्रेस राजवटीने एका निवृत्त सेनाप्रमुखाला २००८ साली राज्यपाल केले आणि पुढे २०१७ साली ते अकाली दलाचे उमेदवार झाले. निवृत्त अधिकाऱ्याला खासगी कंपनीची नोकरी धरण्यापूर्वी थांबावे लागते, परवानगी काढावी लागते. पक्षाच्या उमेदवारीसाठी मात्र एका दिवसाचीही अट नाही.

अग्निपथ : न ऐकलेल्या सल्ल्याची किंमत

हे सर्व वाद दिल्लीतील बंगल्यांचे आहेत, गावच्या मुलाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. अग्निपथ योजना हे त्याचे उत्तर आहे. १४ जून २०२२ रोजी ही योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर शेकडा २५ जणांना कायम सेवा, उरलेल्या ७५ जणांना निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही. हाती पडणार सुमारे ११ लाख ७१ हजारांचा ‘सेवानिधी’. आणि त्यातील सरकार देते तेवढीच रक्कम, ५ लाख २ हजार रुपये, जवानाच्या पगारातूनच कापलेली. ज्या योजनेने देशाच्या सैन्यभरतीची शंभर वर्षांची घडी मोडली, ती आधी संसदेपुढे आलीच नाही.

सेनाप्रमुखांचा सल्ला काय होता? ३० एप्रिल २०२२ पर्यंत हे पद भूषविलेले जनरल मनोज नरवणे हे पुण्याचे. त्यांच्या आत्मकथनातील जे उतारे २०२३ च्या डिसेंबरात वृत्तपत्रांतून आले, त्यांनुसार भूसेनेने सुचविलेली योजना मर्यादित स्वरूपाची होती, शेकडा ७५ जणांना कायम ठेवावे असे तिचे मत होते, आणि मूळ प्रस्तावातील २०,००० रुपयांचे मासिक वेतन सेनेच्या आग्रहानंतर ३०,००० झाले. हे पुस्तक २०२४ च्या प्रारंभी निघावयाचे होते. ते संरक्षण मंत्रालयाच्या तपासणीत अडकले. सेनाप्रमुखाने पदावर असताना दिलेला सल्ला संसदेला कळत नाही आणि निवृत्तीनंतर लिहिलेला जनतेला कळू दिला जात नाही. मग तो कळावयाचा केव्हा?

२०२५–२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटींची तरतूद होती आणि त्यात निवृत्तिवेतनाचे सुमारे १ लाख ६१ हजार कोटी होते. हा भार हलका करावयाचा हा अग्निपथमागील खरा हिशेब आहे, हे सर्वांना कळते. परंतु भार नाहीसा होत नसतो, तो दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. साताऱ्याच्या अपशिंगे (मिलिटरी)सारख्या गावांत, सांगली-कोल्हापूरच्या कोरडवाहू पट्ट्यांत, फौजेचे निवृत्तिवेतन हेच शेतकरी घराचे एकमेव खात्रीचे उत्पन्न असते. तिजोरीने वाचविलेला पैसा या घरांच्या चुलीतून येणार आहे. यावर लोकसभेत चार दिवस चर्चा व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात २०१८ आणि २०२३ साली सर्व खात्यांच्या मागण्या, संरक्षणासह, चर्चेविना एका फटक्यात संमत झाल्या. गोखल्यांना मताचा अधिकार नव्हता तरी ते बोलत होते. आजच्या सभागृहाला मताचा अधिकार आहे. ते बोलत नाही.

संसदेचे काम

उपाय अवघड नाहीत. सेनाप्रमुखाची निवड सरकारने करावी. मात्र ज्येष्ठांना डावलले असेल तर त्याची कारणे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे, हवे तर बंद दाराआड, लेखी ठेवावीत. संरक्षण दलप्रमुखाचे सल्लागारपद आणि सचिवपद वेगळे करावे. सर्वोच्च लष्करी पद सेवेतील अधिकाऱ्यांपुरतेच असावे. निवृत्त सेनाप्रमुखांनी निदान पाच वर्षे पक्षाचे सभासदत्व, उमेदवारी किंवा राज्यपालपद स्वीकारू नये. नागरिक म्हणून त्यांचा मताचा व भाषणाचा हक्क अबाधित राहील. हेंडरसन ब्रुक्स अहवाल आणि त्या काळातील सेनाप्रमुखांचा लेखी सल्ला आता तरी प्रसिद्ध व्हावा. संरक्षणाच्या मागण्यांवर चर्चा सक्तीची असावी आणि अग्निपथ योजना सभागृहापुढे यावी.

याने गुप्तता भंगेल, सेनेचे मनोधैर्य खचेल, अशी ओरड होईल. बासष्ट साली गुप्तता पूर्ण होती. थोरातांचे टिपण जनतेला ठाऊक नव्हते, थिमय्यांचा राजीनामा परत कपाटात गेला होता, मंत्री प्रसन्न होते. मनोधैर्य खचले ते बोमदिल्याच्या वाटेवर.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हा विषय तज्ज्ञांचा म्हणून सोडून देऊ नये. भरतीच्या मैदानावर पहाटे धावणारी मुले त्यांच्याच गावची आहेत. त्या मुलांच्या वतीने ‘ही आज्ञा चुकीची आहे’ असे मंत्र्याच्या तोंडावर सांगू शकणारा एकच माणूस राज्ययंत्रणेत आहे, तो म्हणजे त्यांचा सेनाप्रमुख. त्याचे पद मर्जीवर टांगलेले राहिले तर त्या मुलांचा जीवही मर्जीवर टांगलेला राहील. गावोगावच्या सभांतून आणि आपापल्या खासदारांच्या दारात जाऊन हे सांगितले पाहिजे.